आईच्या पंच्याहत्तरीला हाय टी: जागा कशी निवडावी

पंच्याहत्तरी किंवा ऐंशी आली की आपल्याकडे हमखास दोनच बेत सुचतात. हॉल घेऊन दोनशे माणसं, नाहीतर रात्रीचं जेवण. हॉलमध्ये उत्सवमूर्ती लाल-सोनेरी खुर्चीत अवघडून बसते आणि शालींचा ढीग मांडीवर घेऊन तीन तास फोटो काढून घेते. रात्रीच्या जेवणाचं म्हणाल, तर माझी आई साडेसातला पान घेते आणि त्या वेळी मुंबईतल्या बऱ्या हॉटेलात अजून नॅपकिनच्या घड्या चाललेल्या असतात. म्हणून मी चारच्या चहाच्या बाजूने आहे. उजेडात जायचं, उजेडात परतायचं, पोटाला जड नाही आणि नऊच्या गोळ्या नऊलाच घेता येतात.

ही साहेबी प्रथा आहे, आपल्या माणसांना कशी रुचणार, असं आमच्या काकांचं म्हणणं होतं. इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसने, अ‍ॅना तिचं नाव, ती रूढ केली असं मानतात. दुपारचं खाणं हलकं आणि रात्रीचं जेवण आठनंतर, मधे बाईंना भूक लागायची. आमच्या माहीमच्या घरात चार वाजता चहा आणि चिवडा निघतो तो नेमका ह्याच कारणाने. तेव्हा काकांना म्हटलं, डचेस आपल्यातलीच.

मी एका सीएच्या ऑफिसात बिलं तपासते, त्यामुळे सल्ला थोडा कोरडा वाटेल. बाबांची ऐंशी आम्ही घरी केली, आईची पंच्याहत्तरी हॉटेलात. दोन्हीचा हिशेब पुढे आहे.

आधी माणूस बघा, हॉटेल नंतर

"आई, तुला कुठे जायचंय?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "कशाला उगाच खर्च?" त्यापेक्षा आठवडाभर ती चार वाजता काय करते ते बघा. चहा दुधात उकळलेला लागतो की वेगळा? सोबत खारी, मारी की काहीच नाही? कवळी आहे का? कवळीवाल्या माणसासमोर कडक ब्रून ठेवणं म्हणजे छळ आहे, मग तो ब्रून कितीही नामांकित बेकरीचा असो. मऊ बन चालतो. गुडघे कसे आहेत? कानाला मशीन आहे का?

मग कालनिर्णय उघडा. आईचा वाढदिवस डिसेंबरात येतो आणि त्या वर्षी तो नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी होता. तिचा उपवास, संध्याकाळी घट मांडलेल्या लक्ष्मीची पूजा, मग नैवेद्य. त्या दिवशी तिला केकचा तुकडा कुणी भरवू शकलं नसतं, देवांनीही नाही. आम्ही शुक्रवार धरला. संकष्टी, एकादशी, श्रावण, कुणाचे वार, सगळं एकदा डोळ्यांखालून घाला. तिथीने वाढदिवस मानणारं कुणी घरात असेल तर औक्षण तिथीला घरी आणि चहा सोयीच्या तारखेला, अशी वाटणी करून टाकावी. औक्षण हॉटेलात करायचा हट्ट नको. तबकातली पंच्याहत्तर निरांजनं वातानुकूलित दालनात कुणी पेटवू देणार नाही. आणि आमच्या आईला मेणबत्ती फुंकणंच मान्य नाही. आपल्या हाताने दिवा विझवायचा नसतो, विषय संपला. हॉटेलला तसं आधी सांगितलं की ते नुसता केक आणतात.

शनिवार-रविवारपेक्षा मधला वार कधीही बरा. रविवारी गेटवेकडे जत्रा असते, टॅक्सी लांब थांबते आणि पंच्याहत्तरीची बाई पैठणी सावरत फुगेवाल्यांतून वाट काढते. वर रविवारी मेगाब्लॉक. शुक्रवारी अर्धी रजा टाकावी लागते, तेवढी टाका.

सूर्य कुठल्या बाजूला आहे?

हे कुणी सांगत नाही म्हणून मी आधी सांगते. मरीन ड्राइव्हवरच्या हॉटेलांच्या खिडक्या पश्चिमेला उघडतात. सूर्यास्त सुंदर दिसतो, पण त्याआधीचे दोन तास ऊन थेट डोळ्यांत येतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे चार वाजता तो समोर खाली उतरलेलाच असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथे बसवलं की वेटर येऊन पडदा ओढतो आणि ज्या समुद्रासाठी पैसे मोजले तो गेला पडद्याआड. जून-जुलैत सूर्यास्त सव्वासातला होतो, आणि ढग असले तर हीच जागा सोन्यासारखी. पावसाळ्यातला वाढदिवस असेल तर मरीन ड्राइव्ह जरूर घ्या, भरतीचं वेळापत्रक बघून.

अपोलो बंदरचं ताजमहाल पॅलेस ह्याच्या उलट आहे. तिथलं सी लाउंज पहिल्या मजल्यावर, खिडक्यांसमोर गेटवे आणि बंदराचं पाणी. हे पाणी शहराच्या पूर्वेचं, त्यामुळे दुपारी ऊन इमारतीच्या पाठीला आणि समोरच्या घारापुरीच्या लाँचा स्वच्छ उजेडात. हॉटेल १९०३ चं आणि गेटवे १९२४ चा. म्हणजे खिडकी आधी आली आणि दृश्य वीसेक वर्षांनी. सी लाउंज मुलगी बघायच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या हाय टीत स्कोनच्या (इंग्रजी धाटणीच्या छोट्या, जाडसर बनच्या) जोडीला भेळ, शेवपुरीही असते. साठीपुढच्या मराठी माणसाला ही गोष्ट फार धीर देते. चार इंग्रजी पदार्थ चाखून झाले की हात आपोआप शेवपुरीकडे वळतो.

तरी सगळ्यांनी ताजलाच जावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्या माणसाला वेटरने खुर्ची मागे ओढली की संकोच वाटतो, त्याला तिथे दोन तास घाम फुटतो. बाबा त्यातले. त्यांना इराणी हवा. मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ चं, म्हणजे ताजपेक्षा एका वर्षाने धाकटं. बन मस्का, मावा केक, पानी कम चाय, आणि बिल एवढं की बाबा स्वतः खिशात हात घालतात. पण इराण्याकडे मेजवानी करायची तर माणसं चार, फार तर पाच. खुर्च्या लाकडी, पाठीला टेकू बेताचा, गर्दीत टेबल वाटून घ्यावं लागतं, आणि स्वच्छतागृहाची पाहणी आधी स्वतः करून यावी. बलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचं नाव कुणी ना कुणी सुचवतंच. ते १९२३ चं, बेरी पुलाव खावा तर तिथेच, पण ती दुपारच्या जेवणाची जागा. चहाच्या वेळी तिथे जाण्यात अर्थ नाही.

जिमखान्याचा सभासद ओळखीचा असेल तर तोही विचार करा. हिरवळ, उंच खुर्च्या, कुणी घाई करत नाही. पदार्थ मात्र साधेच मिळतात. दादरचं मामा काणे, प्रकाश, आस्वाद ही माझी माहेरची माणसं आहेत, पण तिथे बाहेर माणसं ताटकळत असताना आईला निवांत बसवणं जमत नाही. त्यांचे पदार्थ घरच्या चहाला आणावेत, त्याबद्दल पुढे.

फोनवर काय विचारायचं

सगळे भाव विचारतात. तो विचाराच, पण त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला हा दर लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. समजा ताटाला २,५०० सांगितले, तर प्रत्यक्षात पडतात २,९५०, आणि सहा जणांचे १७,७००. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. द्यायचं असेल तर खुशीने द्या, मी देते. पण ते काढायला सांगायचा हक्क तुमचा आहे, आणि वाद घालायचा तर तो आईसमोर नको.

भावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: बुफे आहे की टेबलावर आणून देतात? बुफेत पदार्थ भरपूर, पण गुडघेदुखीच्या माणसाला उठबस. मग मुलं ताट भरून आणतात आणि आईला जे मिळतं ते मुलाच्या आवडीचं असतं. तीन मजली स्टँड येत असेल तर ती आहे तिथे बसून सगळं बघू शकते. खालच्या थाळीत सँडविच, मधे स्कोन, वर गोड. खालून वर खात जायचं. स्कोन सुरीने कापायचा नसतो, हाताने मधोमध उकलायचा आणि त्यावर जॅम आणि क्लॉटेड क्रीम, जे आपल्या जाड सायीसारखं लागतं. आधी क्रीम की आधी जॅम यावरून इंग्लंडमधल्या डेव्हन आणि कॉर्नवॉल ह्या दोन परगण्यांचे लोक भांडतात. डेव्हनवाले क्रीम आधी लावतात. आईने स्कोन आणि जॅम दोन्ही बाजूला सारून ती साय नुसती खाल्ली.

पुढचा प्रश्न शाकाहारी माणसांसाठी, आणि इथे नीट कान देऊन ऐका. "व्हेज आहे ना?" ह्यावर "हो मॅडम" हेच उत्तर येतं. तुम्ही अंड्याचं वेगळं विचारा आणि जिलेटिनचं वेगळं. मूस, पानाकोटा, न भाजलेलं चीजकेक हे बऱ्याचदा जिलेटिनने घट्ट करतात, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यातून निघतं. अगार-अगार वापरलं असेल तर ते समुद्री शेवाळाचं, चालेल. स्कोनच्या पिठात अंडं नसलं तरी चकाकीसाठी वरून अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. हे सगळं थेट पेस्ट्री विभागात विचारून सांगा म्हणावं. नीट चालवलेलं हॉटेल ह्या प्रश्नाला वैतागत नाही. फोनवरचा माणूस वैतागला, तर ती जागा मी यादीतून काढते.

मग बसायची व्यवस्था. लाउंज म्हटलं की सोफे आले, आणि सोफे खोल आणि बुटके असतात. तरुणांना ते आवडतात. पंच्याहत्तरीच्या माणसाला त्यात बसवणं सोपं, उठवायला दोघं लागतात, तेही लोकांदेखत. हाताच्या दांड्या असलेली, जेवणाच्या उंचीची खुर्ची मागा आणि तशा उंचीचंच टेबल. खिडकीची खात्री अनेक ठिकाणी देत नाहीत, पण वाढदिवसाचं कारण सांगून आरक्षणात लिहून घ्यायला सांगा. एसीचा झोत डोक्यावर नको. ऐकू कमी येत असेल तर पाठीशी भिंत असलेला कोपरा घ्या; मागून येणारा आवाज कमी झाला की समोरचं बोलणं कळतं. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? व्हीलचेअर दारापर्यंत आणून देतात का? हे विचारायला लाज वाटू देऊ नका.

केकवर मराठीत लिहून हवं असेल तर अक्षरं कागदावर मोठी काढून फोटो पाठवा. माझी आई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. "शुभेच्छा" मधला "च्छ" चुकला असता तर तिने केक कापायच्या आधी तपासला असता. मी नुसतं "आई" लिहून घेतलं, तेही "ई" दीर्घ काढून पाठवून.

आणि बिल. बाबांच्या दृष्टीस बिल पडता कामा नये. हॉटेलात आधी सांगितलं तर आगाऊ पैसे किंवा कार्ड देऊन ठेवता येतं, आणि पाहुण्यांना भाव नसलेलं मेनूकार्डही अनेक ठिकाणी देतात. ही सोय मागून घ्याच. नाहीतर बाबा एका सँडविचचे किती पडले याचा भागाकार तिथेच करतात आणि पुढचं सँडविच त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

खुद्द चहाचं काय

सगळा बेत चहाच्या नावाने आणि शेवटी चहाच कुणाला आवडत नाही, असं सर्रास होतं. हॉटेलच्या यादीत दार्जिलिंग, आसाम, निलगिरी, अर्ल ग्रे असे प्रकार असतात. दार्जिलिंगची पहिली तोड मार्च-एप्रिलची, रंगाने फिकी, वासाला फुलासारखी. दुसरी मे-जूनची, जरा भरदार. हा चहा तीन-चार मिनिटं मुरवून बिनदुधाचा प्यायचा. तो भारी असतो यात शंका नाही, २००४ मध्ये भारतात पहिलं भौगोलिक मानांकन त्यालाच मिळालं. पण जन्मभर आलं कुटून उकळलेला चहा प्यायलेल्या माणसाला तो गरम पाणी वाटतो आणि तो ते बोलूनही दाखवतो. अर्ल ग्रेला बर्गमॉट ह्या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास असतो. आईच्या मते अगरबत्ती.

माझा तोडगा: टेबलासाठी एक किटली दार्जिलिंग, चव घ्यायला. बाकीच्यांना आसाम, कारण तो दुधाला पुरून उरतो. आणि आई-बाबांसाठी स्वयंपाकघरातून उकळून आणलेला मसाला चहा, तो मोठ्या हॉटेलात मिळतोच. किटलीचा चहा घेणार असाल तर दूध कडकडीत गरम आणायला सांगा आणि कपही गरम पाण्याने विसळून. थंड दूध ओतलेला कोमट चहा हे आमच्या घरात भांडणाचं कारण होऊ शकतं.

त्या दिवशी दुपारचं जेवण साडेअकराला, वरण-भात आणि लिंबू, बस. बाराला पोळी-भाजी रीतसर जेवलेलं माणूस चारला स्कोनकडे नुसतं बघत बसतं. मधुमेह असेल तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधी विचारून घ्या आणि मग टेबलावर "आई, गोड पुरे" हा पहारा करू नका.

जाण्यायेण्याचं थोडक्यात: मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत जाते. माहीमच्या शितळादेवीहून हुतात्मा चौकाला उतरलं की पुढे टॅक्सी जवळची. स्थानकात लिफ्ट आहेत, पण भुयारात चालणं बरंच आहे. परतताना आम्ही टॅक्सी केली, मरीन ड्राइव्हवरून किनारी रस्त्याने थेट वरळी. ठाण्याचा दादा मात्र सीएसएमटीची सहाची फास्ट पकडायला पावणेसहालाच उठला. गर्दीच्या वेळी ज्येष्ठांना लोकलमध्ये चढवू नका.

आणि घरीच करायचं ठरलं तर

बाबांच्या ऐंशीला पाहुणे जास्त, चालणारे कमी, म्हणून घर बरं पडलं. ऐंशी-एक्याऐंशीच्या आसपास माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात, म्हणून सहस्रचंद्रदर्शन; सकाळी विधी झाला आणि चार वाजता चहा.

बाहेरून काय आणायचं हे पदार्थ किती वेळ तग धरतो त्यावर ठरवा. साबुदाणा वडा पंधरा मिनिटांत मान टाकतो, तो दादरहून आणू नका. कोथिंबीर वडी, अळूवडी, सुरळीच्या वड्या निवलेल्याही छान लागतात. गोडाला मावा केक, नानखटाई आणि एकच मिठाई.

काकडीची सँडविचं मात्र घरी करा, आणि ती अशी. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवायच्या, मग फडक्यात हलके पिळायच्या. कालचा ब्रेड घ्यावा, ताजा कापताना दबतो. लोणी मऊ करून ब्रेडच्या अगदी कडेपर्यंत लावायचं, दोन्ही स्लाइसना. लोण्याचा थर असला की चटणीचं पाणी आत शिरत नाही. हिरव्या चटणीत पाणी जवळजवळ नको, वाटताना थोडी शेव किंवा डाळं घातलं की ती घट्ट राहते. कडा सँडविच भरल्यावर कापायच्या, आधी नाही. दोन तास आधी करून ओल्या मलमलच्या फडक्याखाली ठेवली तर चारला जशीच्या तशी असतात.

दहा कप चहाला सात कप पाणी, चार कप दूध, दहा सपाट चमचे सीटीसी, म्हणजे नेहमीची दाणेदार, चहा पावडर. आलं आधी पाण्यात खळखळून उकळू द्यायचं. कच्च्या आल्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटतं, उकळीने त्याचा जोर जातो. पावसाळा असेल तर गवती चहाची दोन पाती. साखर वेगळी, कारण दहांत चार जण मधुमेही निघतातच. गाळून थर्मासमध्ये भरायचा, पण अर्धाच. दुसरा हप्ता ताजा करायचा, कारण आठवणी निघाल्या की कुणी सहाला उठत नाही.

दुसऱ्या हप्त्याच्या वेळी आई हातपाय हलवायला स्वयंपाकघरात येणार, कितीही बसवून ठेवा. तिला वेलदोडे सोलायला द्या आणि गॅसपासून लांब उभं करा.